कोयता निघायच्या आधी

परसबागेवरच्या पुस्तकांत शरदातली कामं कशी नेमाने मांडलेली असतात. पाऊस सरला की वाफे करा, ऑक्टोबरचं ऊन उतरलं की पालेभाज्या टाका, गारवा पडला की वाटाणा लावा. मी शिकवते त्या शाळेत हे वेळापत्रक अर्ध्यावर येऊन अडतं. धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगराला चिकटून असलेली आमची जिल्हा परिषदेची शाळा. इथं आश्विनात जमीन भाजीपाल्याला वाफशावर येते आणि त्याच दिवसांत भाजी पेरणारे हात ऊसतोडीसाठी गाव सोडायच्या तयारीला लागतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, टोळीच्या मुकादमाचे फोन सुरू झालेले असतात, आणि दिवाळीच्या मागंपुढं ट्रॅक्टर, ट्रक, टायरगाड्या भरून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी सोलापूर-साताऱ्याकडं, कुणी पार कर्नाटकात बेळगावपर्यंत.

त्यामुळं वाफे आखायच्या आधी मी वर्गात हात वर करायला लावते. कोण जाणार, कोण राहणार? जाणाऱ्यांचे हात पटकन वर येतात. राहणारे जरा थांबून, शेजारच्याकडं बघून करतात. काहींचं घरात अजून ठरलेलं नसतं. आजीचे गुडघे चालले तर लेकरू गावात राहणार, नाही तर आईबापाबरोबर उसाच्या फडावर. आमच्या बागेचा आराखडा या हातांच्या हिशोबानं होतो.

दुसरा हिशोब मुंबईत होतो. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे मंत्री समितीच्या बैठकीत ठरतं. 2022 साली तो 15 ऑक्टोबरपासून धरला होता, 2024 साली 15 नोव्हेंबरपासून. मेथीला या तारखांशी देणंघेणं नाही, पण मेथी खाणाऱ्याला आहे. मेथी पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत उपटायला येते. हंगाम उशिरा लागला तर ज्या आईनं पेरली तिच्याच परातीत ती येते. लवकर लागला तर आईनं पेरलेली मेथी आजी निवडत बसते. पेपरात बैठकीची बातमी आली की बाकीचं गाव उसाच्या दराचं वाचतं. मी आणि शाळेची स्वयंपाकीण ताई बोटांवर दिवस मोजतो.

सणांवर विसंबून पेरणी करायला जावं तर तेही फसवतात. 2023 साली अधिक श्रावण आला आणि घटस्थापना थेट 15 ऑक्टोबरला गेली. 2025 साली ती 22 सप्टेंबरला होती. दोन वर्षांत तीन आठवड्यांचा फरक. पाऊस काही अधिकमास पाळत नाही. हे मला पहिल्यांदा नीट उलगडून सांगितलं ते चौथीतल्या एका पोराच्या आजीनं. शाळेच्या बागेची खरी कारभारीण तीच. सही करता येत नाही, पण कोणतं नक्षत्र कधी लागतं हे तिला कॅलेंडर न बघता ठाऊक असतं. मी नवरात्रात पालेभाजीचं बी काढून बसले होते तेव्हा ती कुंपणाशी उभी राहून म्हणाली, “घट बसले का न्हाई त्ये नका बघू बाई. हत्ती निघाला का त्ये बघा.” हत्ती म्हणजे हस्त. सूर्यावर चालणारी ही नक्षत्रं इंग्रजी तारखेला एखाद्या दिवसाच्या फरकानं ठरल्या वेळी येतात. हस्त 27 सप्टेंबरच्या आसपास, चित्रा 10-11 ऑक्टोबरच्या सुमारास. रब्बी ज्वारी हस्ताच्या ओलीवर, आणि पालेभाजीचं बारीक बी हस्ताचा जोर ओसरल्यावर, असा तिचा दंडक. बारीक बियांवर हत्तीची सर आली की ते वाफ्याच्या एका कोपऱ्यात वाहून गोळा होतं, आणि मग उगवतं ते तिथंच, दाटीवाटीनं.

तरी घटाचा उपयोग आम्ही सोडलेला नाही. शेतातली माती आणून पत्रावळीवर पसरायची, मधे पाण्याचा मातीचा घट ठेवायचा, भोवती गहू, ज्वारी, करडई, हरभरा असं धान्य टाकायचं. कच्च्या मडक्यातून पाणी झिरपत राहतं आणि नऊ दिवसांत अंधाऱ्या देवघरात पिवळेजर्द कोंब वीतभर उठतात. देवीचं जे असेल ते असो, पण घराघरातली जाणती माणसं दसऱ्याला ते कोंब टोपीत खोवायच्या आधी निरखून बघतात. कुठलं धान्य दाट उगवलं, कुठलं विरळ? तेच बी पुढं रानात जायचं असतं. शाळेत आम्ही याचाच धडा करतो. ओल्या गोणपाटावर भाजीच्या शंभर बिया ओळीनं मांडायच्या, गुंडाळी करायची, रोज पाणी शिंपडायचं, आठवड्यानं उलगडून कोंब मोजायचे. शंभरच का, तर शेकडेवारी आपोआप निघते. पुस्तकात जी शेकडेवारी पोरांच्या डोक्यावरून जाते ती इथं ओल्या गोणपाटावर बोट ठेवून समजते. एकदा चमकदार पाकिटातल्या पालकाच्या निम्म्याही बिया उगवल्या नाहीत आणि आजीनं गाडग्यात राखेत ठेवलेली मेथी जवळजवळ सगळी उगवली. पोरांनी वहीत लिहून ठेवलंय. सरकारी पाकिटातलं की दुकानातलं, हे मात्र मी त्यांना लिहू दिलं नाही.

कोथिंबिरीचं बी मात्र सगळ्यांना दमवतं. अख्खा धना पेरला तर तो आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे, मातीत मुका पडून राहतो. ऑक्टोबरच्या उन्हात त्यातले कित्येक कुजतात. धना हे जोडफळ आहे, आत दोन बिया. हलक्या हातानं रगडून त्याची दोन फाकं करायची, रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून ठेवायची, मग पेरायची. स्वयंपाकीण ताईनं एकदा घाईत चप्पल घेतली आणि फरशीवर धने रगडायला बसली. आजी अशी कडाडली की सगळ्या वर्गांतून पोरं बाहेर आली. “पायातलं घिऊन लक्षुमीला रगडतीस?” तेव्हापासून धन्यासाठी एक लाकडी पाट वेगळा ठेवला आहे. त्या पाटानं फाकं जास्त चांगली होतात, हेही खरं. चपलेच्या रबरानं धना निसटतो.

आमची जमीन मुरमाड. बीड जिल्ह्याचा गोदाकाठ, म्हणजे गेवराई-माजलगावची काळी कसदार जमीन, आणि आमचा डोंगरमाथा यांत फार अंतर आहे. तिकडं पाऊस थांबला की चिखल सुकायची वाट बघावी लागते, इकडं पाऊस थांबला की दोन दिवसांत मुरूम कोरडा ठाक. वर्षाचा सरासरी पाऊस जिल्ह्यात साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. तोही कुठल्या महिन्यात किती पडेल याचा भरवसा नाही. 2018 साली ऑगस्टनंतर पावसानं तोंड दाखवलं नाही आणि ऑक्टोबर संपता संपता राज्यानं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या शरदात आम्ही हापशाच्या सांडपाण्यावर जगतील एवढेच वाफे धरले. उलट 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात असा पाऊस झाला की सिंदफणा आणि गोदावरीकाठची गावंच्या गावं पाण्यात होती. आमच्याकडं पूर नव्हता, पण वांग्याची रोपं मुळं कुजून आडवी झाली. एकाच बागेला तहान आणि बुडणं दोन्ही सोसायचं आहे म्हटल्यावर आम्ही वाफ्यांची जागा बदलली. पालेभाज्या उंच गादीवाफ्यावर, लसूण-कांदा सपाट वाफ्यात, वेल कुंपणाच्या कडेला खड्ड्यात. खड्ड्यात तळाला उसाचं पाचट, वर शेणखत, वर पोयटा. पाचट कुठून येतं हे विचारू नका. फडावरून परत येणारी गाडी रिकामी येत नाही.

मुरमात पाणी टिकवायला आच्छादन लागतंच. आश्विनात सोयाबीनची मळणी झालेली असते, तिचं भुसकट गावात कुणालाही नको असतं. ते बोटभर जाड पसरलं की वाफा दोन दिवस जास्त ओल धरतो. पाणी म्हणजे दुपारच्या खिचडीनंतर ताटं आणि हात धुतलेलं. हापशाच्या कट्ट्यावरून पन्हाळ काढून ते एका बुजवलेल्या खड्ड्यातून वाफ्यांकडं वळवलं आहे. खड्ड्यात विटांचे तुकडे आणि वाळू, म्हणजे शितं-तेल तिथंच अडतं. सुट्टीच्या दिवशी खिचडी नाही, म्हणजे पाणी नाही. त्यासाठी वेलांच्या बुडाशी तळाला छिद्र पाडून वात घातलेली मडकी पुरली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत ही मडकी कोण भरणार, हा वर्षातला सगळ्यात मोठा प्रश्न, आणि त्याचं उत्तर पुन्हा आजीच.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर प्रयोग परिवारातल्या शेतकऱ्यांना पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे कसे पुरतात याचं गणित मांडून दाखवत. मला ते गणित फार आवडतं. फक्त आमच्या गावात पाचातली दोन माणसं सहा महिने घरी नसतात. मग काय लावायचं, हे पिकाकडं बघून ठरत नाही. काही पिकं जाणाऱ्यांची, काही राहणाऱ्यांची, काही परत येणाऱ्यांची.

जाणाऱ्यांची पिकं म्हणजे मेथी, मुळा, लाल माठ, शेपू. महिना-दीड महिन्यात पदरात पडणारी. निघायच्या आधी चार दिवस घरात नुसती धावपळ असते. ज्वारीचं पीठ दळून आणायचं, मिरची कांडायची, अंथरूण-पांघरूण, भांडी, कोयत्यांना धार. भाजीला कुणाला वेळ नसतो आणि पैसे मोजून ठेवलेले असतात. त्या दिवसांत शाळेच्या कुंपणावरून मेथीच्या जुड्या जातात. यावर एकदा एका पाहुण्या साहेबांनी विचारलं होतं, शाळेची भाजी गावात का वाटता? मी काही बोलायच्या आत स्वयंपाकीण ताई म्हणाली, “साहेब, लेकरांनीच लावली, लेकरांच्याच घरी चालली.” साहेबांनी पुढं वांग्यांकडं बोट दाखवलं.

राहणाऱ्यांची पिकं वेगळी. मागं राहतात म्हातारी माणसं आणि सात-आठ-दहा वर्षांची लेकरं. त्यांना वाकून निंदणी झेपत नाही, रोज पाण्याच्या घागरी झेपत नाहीत. त्यांच्यासाठी उभ्यानं तोडता येईल, एकदा लावलं की महिनोनमहिने देत राहील असं काही हवं. वाल, वांगी, मिरची, शेवगा. वालाचा एक गुण मला इथं येऊन कळला. गावठी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. श्रावणात लावा की भाद्रपदात, फुलं येणार थंडीच्या तोंडालाच. आषाढात लावलेला वेल पत्र्यावर चढून बसतो, उशिरा लावलेला कमरेएवढाच राहतो, पण शेंगा दोन्हींना त्याच सुमारास. आम्ही मुद्दाम उशिरा लावतो. वेल बुटका राहिला की आजीचा हात पुरतो, आणि शेंगांसाठी पोरं शाळेच्या पत्र्यावर चढत नाहीत. मांडवाला गेल्या सालच्या तुराट्या. शेंगा मार्गशीर्षात सुरू होतात आणि होळीपर्यंत पुरतात.

गावात राहिलेल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह चालतं. वसतिगृह म्हणजे इमारत वगैरे नाही. झोपायला लेकरं आजी-आजोबांकडंच, जेवण मात्र सकाळ-संध्याकाळ शिजवून मिळतं. दोन्ही वेळचं डाळ-भात-भाकरी म्हटल्यावर त्यात हिरवं काही पडावं म्हणून बागेचा जीव. शेवग्याचा पाला डाळीत घातला तर पोरांना पत्ता लागत नाही. पालक घातला तर ती काठाला लावून ठेवतात. पालक आम्ही बरीच वर्षं नेटानं लावला. पोषणाच्या तक्त्यावर तो असतोच, लोहाच्या रकान्यात सगळ्यात वर. पोरांच्या ताटात तो तक्ता चालला नाही.

थंडीतली त्यांची खरी भाजी बागेत नव्हे, बागेशेजारच्या हरभऱ्यात असते. शाळेमागच्या पट्टीत आम्ही ओंजळभर हरभरा टाकतो. रोप वीतभर झालं की शेंडे खुडायचे. खुडल्यानं फांद्या फुटतात, घाटे वाढतात, आणि खुडलेल्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा होतो. कांदा, तिखट, मीठ, कच्चं तेल, शेंगदाण्याचं कूट. चूल पेटवायची गरज नाही. हरभऱ्याच्या पानावर आंब असते. पहाटेच्या दवात ती जास्त उतरते. आमची पोरं शाळा भरायच्या आधी पट्टीत शिरतात, पानावरून बोट फिरवून चाटतात आणि तोंडं वाकडी करतात. पूर्वी रात्री हरभऱ्यावर धडपं पसरून ठेवत, सकाळी ते पिळून आंब बाटलीत भरत. पोटदुखीला ती देत. आजीकडं अशी बाटली अजून आहे. जास्तीचा पाला सावलीत वाळवून ठेवला की उन्हाळ्यात भाजी नसते तेव्हा तो उपयोगी पडतो. हा वाळलेला पाला एका कोयत्याच्या गाठोड्यात पुढच्या हंगामाला निघालेला मी पाहिला आहे. वजनाला काहीच नाही, आणि फडावर रात्री उशिरा चूल पेटली तर भाकरीबरोबर भागतं.

रोगकिडीची कथा लांबड लावण्यासारखी नाही. वालाच्या शेंड्यावर मावा येतो, सकाळी दवावर चुलीतली राख धुरळली की बराच आटोक्यात येतो. वांग्यातल्या अळीवर निंबोळी अर्क. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीचा भरडा, रात्रभर भिजवायचा, गाळून संध्याकाळी फवारायचा. निंबोळ्या आषाढात वेचून वाळवून ठेवाव्या लागतात. शाळेत लिंबाची झाडं आहेत, आणि निंबोळी वेचायला पोरांना सांगावं लागत नाही, थांबवावं लागतं. याच दिवसांत डोंगरावर सीताफळं पिकतात. बालाघाटावरच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, अंबाजोगाईला तर सीताफळाचं संशोधन केंद्रच आहे. आमच्याकडं ते झाड कुणी लावत नाही, दगडातून आपलं आपण येतं. दप्तरं सीताफळांनी चिकट होतात आणि वर्गात बिया सांडतात. या बिया वाटून किडीवर फवारतात हे खरं, पण त्यांची पूड डोळ्यात गेली तर फार वाईट, म्हणून ते काम मी पोरांना करू देत नाही.

खरा उपद्रव वानरांचा. डोंगरात झाडपाला संपत आला की टोळी शाळेवर उतरते, बहुतेक रविवारी. टोमॅटो हिरवे असतानाच तोडतात, एक चावा घेतात, टाकतात, दुसरा तोडतात. बोराटीचं कुंपण शेळीला अडवतं, वानराला नाही. टोमॅटो आम्ही सोडून दिले. वानरांनी ज्याला कधी हात लावला नाही ते म्हणजे लसूण आणि कांदा.

लसणावर मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण परत येणाऱ्यांचं पीक ते. लसूण ऑक्टोबरात लावायचा. कांदी फोडून पाकळ्या सुट्या करायच्या, बाहेरच्या जाडजूड तेवढ्या निवडायच्या, आतल्या बारीक फोडणीला ठेवायच्या. ओळीत बोटभर अंतरावर टोकाकडची बाजू वर करून पाकळी दाबायची, वर बारीक माती. उलटी लागली तरी उगवते, पण मान वाकडी होते. थंडीत आठ-दहा दिवसांनी पाणी, एक-दोन वेळा खुरपणी, बस्स. चार-साडेचार महिन्यांत पाती पिवळी पडून माना टाकते. तेव्हा पाणी तोडायचं आणि पंधरवड्यानं उपटायचा. आश्विनात लावला तर फाल्गुनात काढायला येतो. गाळप संपून कारखान्यांचा पट्टा पडतो तोही त्याच सुमारास. ज्या हातांनी लावला ते हात काढायला परत आलेले असतात. इतकं सरळ जमणारं दुसरं पीक मला आमच्या बागेत सापडलं नाही.

म्हणून एका वर्षी आम्ही पालकांच्या बैठकीत ठरवलं की जाणाऱ्या घरांनी लसणाचा वाफा लावायचा. सह्या करून उठून जाणाऱ्या बायका त्या दिवशी थांबल्या. एकीनं विचारलं, “आम्ही न्हाई तर पाणी कोण घालनार?” वर्गातून पोरांचा आवाज आला, आम्ही. प्रत्येक घराची एक ओळ. ओळीच्या टोकाला रोवलेल्या फरशीच्या तुकड्यावर खडूनं नाव. पाऊस आला की नाव धुतलं जातं, पोरं परत लिहितात. पाणी घालायची पाळी राहणाऱ्या पोरांची, पण ओळ जाणाऱ्याची. डिसेंबरात एखाद्या आईचा फोन येतो तो गुडघा, ताप, पोराचा अभ्यास यांच्यासाठी. आणि शेवटी असतंच, लसूण किती झाला बाई. मी फोटो पाठवते. मोबाइलच्या पडद्यावर लसणाची पात आणि गवत यात फार फरक दिसत नाही, पण आपली ओळ कुठली हे त्या ओळखतात.

जाणाऱ्या लेकरांना मी बियांच्या पुड्याही देते. वहीच्या कागदात मेथी, फोडलेले धने, लाल माठ. यातल्या बऱ्याच पुड्या कोपीच्या, म्हणजे फडावरच्या खोपटाच्या, कुडात खोचलेल्या तशाच परत येतात. फडावर पहाटे तीन-चारला उठून तोडीला जाणाऱ्या बाईनं भाजी पेरावी, ही अपेक्षा धरायला मला कधीच धीर झाला नाही. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीला तर एका जागी राहणंच नसतं. एका गावचा फड संपला की पुढच्या गावी. टायरगाडीवाले मात्र हंगामभर कारखान्याच्या तळावर एका जागी असतात. तिथं बैलांच्या खुंट्याजवळ शेणामुताची ओल असते. तिसरीतल्या एका मुलीनं तिथं धने टाकले. उन्हाळ्यात परत आल्यावर तिनं मला सांगितलं, की शेजारच्या कोप्यांतल्या बायका कालवणावर टाकायला कोथिंबीर तिच्याकडं मागायला यायच्या, आणि ती काडी-काडी मोजून द्यायची. शाळेत तिला बेरीज जड जात होती.

परसबागांच्या स्पर्धाही असतात, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या. फोटो पाठवायचे असतात. वाफ्यांच्या कडेला रंगवलेल्या विटा, मधे झेंडू, रोपांच्या नावांच्या पाट्या. झेंडूला माझा विरोध नाही. त्याच्या मुळांमुळं सूत्रकृमी कमी होतात, वांग्याशेजारी तो असावाच. पण तपासणीसाठी बाग ज्या दिवशी सर्वांत सुंदर दिसते तो दिवस भाजी तोडायच्या आदला असतो, आणि साहेब येईपर्यंत भाजी तोडायची नाही असा निरोप आला की जून झालेली मेथी पोरांच्या ताटात येते. एका वर्षी असं झालं, त्यानंतर आम्ही स्पर्धेच्या फॉर्मवर तोडणी झाल्यानंतरचाच फोटो लावतो. बक्षीस मिळालेलं नाही.

मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळा अमावास्येला, राहिलेली माणसं रानात जातात. आमच्या भागातल्या काही घरांत ती पाळतात, अंबाजोगाई-परळीकडं जास्त. वालाच्या, तुरीच्या, वाटाण्याच्या शेंगा, हरभऱ्याचा सोलाणा, गाजर, बोरं, जे जे हिरवं सापडेल ते घालून बेसनाची भज्जी आणि गाडग्यातलं आंबील. रानात माणसं कमी असतात त्या दिवसांत. बैल फडावर, माणसं फडावर. आजी शाळेतल्या पोरांना घेऊन जाते आणि भज्जीसाठी शाळेच्या बागेतून शेंगा नेते. हा हिशोब आम्ही कुठल्याच वहीत धरत नाही.

फाल्गुनात बाग संपत येते. हापसा दम टाकायला लागतो, चार दांड्यांना पाणी यायचं तिथं पंधरा लागतात. मेथीची, धन्याची चार-चार झाडं बियांसाठी उभी ठेवलेली असतात, वालाच्या सगळ्यात लांब शेंगांना चिंधी बांधलेली. आजी बी काढते, दोन दिवस सावलीत, एक दिवस उन्हात, मग राखेत. आणि याच दिवसांत गाड्या परत येतात. लसूण काढायला बायका शाळेत येतात तेव्हा हातांच्या भेगांत काळं अजून असतं. ओळ उपटली जाते, मोजली जाते, शेजारच्या ओळीशी तुलना होते. बारीक निघाला तर पाणी घालणाऱ्या पोराची खरडपट्टी. पात न तोडता वेण्या घालून त्या खांद्यावरून घरी जातात. थोड्या कांद्या शाळेत बियाण्याला ठेवायच्या, असा नियम बायकांनीच केला आहे.

यंदाच्या बैठकीत एकीनं सरळच सांगितलं, पालकाचा वाफा कुणी खात नाही, तिथंही लसूण लावा, आमच्या दोन ओळी होतील. स्वयंपाकीण ताई लगेच तिच्या बाजूनं झाली. मी तक्त्यातल्या लोहाबद्दल बोलू लागले तर शेवग्याकडं बोट दाखवलं गेलं. पालक गेला. आजीचं म्हणणं मात्र वेगळं आहे. तिला तिथं चुका हवा, निदान अर्ध्या वाफ्यात. डाळीत पडला तर पोरं ओरपून खातात, असं ती छातीठोकपणे सांगते. बायका म्हणतात, चुका तुमच्या दारात लावा. हस्त निघायला अजून वेळ आहे, तोवर हे भांडण चालेल.